ब्रेक दाबला की गाडी थरथरते? डिस्क बदलण्याआधी तिच्या पाठीमागे बघा

कुंभार्ली घाट उतरून पोफळीच्या बाजूला आलं की रस्ता जरा सरळ होतो आणि स्टेअरिंगवरचे हात आपोआप सैल पडतात. मला तिथेच पहिल्यांदा जाणवलं. समोर म्हशी आडव्या आल्या म्हणून ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग फडफडायला लागलं. ब्रेक सोडला की शांत, दाबला की पुन्हा सुरू. खाली आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवलं. चाक काढायच्या आधीच निदान झालं: ‘डिस्क बेंड झाली, दोन्ही बदलून टाकू.’ नव्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या), नवे पॅड (ब्रेक दाबला की त्या थाळ्यांना दोन्ही बाजूंनी आवळणारे तुकडे). गाडी झकास थांबायला लागली. पण सहा-सात हजार किलोमीटर झाले आणि थरथर जशीच्या तशी परत आली.

या वेळी कराडमध्ये एका जुन्या फिटरकडे गेलो. त्यांनी चाक काढलं, डिस्कच्या कडेला डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावलं आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवली. काटा एका जागी पुढे सरकायचा, अर्ध्या फेऱ्यानंतर मागे यायचा. मग डिस्क उतरवली आणि तिच्या मागचा हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग, मला दाखवला. त्याच्या कडेला गंजाची खपली होती, नखाने उचकटली तर पापुद्र्यासारखी निघाली. नवी डिस्क तिच्यावरच बसवलेली. ते म्हणाले, ‘डिस्क चांगली हाय साहेब, बसलीय वाकडी.’

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण हेच. या दुखण्यात डिस्क बदलली की बरं वाटतं, पण मूळ कारण बऱ्याचदा डिस्कच्या मागे, पॅड आवळणाऱ्या बाजूच्या कॅलिपरमध्ये नाहीतर चाकाच्या नटांमध्ये असतं. ते तसंच राहिलं तर नवी डिस्कसुद्धा काही महिन्यांत खराब होते आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

थरथर नेमकी येते कुठून

डिस्क बिडाची असते. पत्र्याची थाळी वाकते तशी ती सहसा वाकत नाही. मोजायच्या गोष्टी दोन आहेत आणि त्यांची गल्लत होते म्हणून निदान चुकतं.

पहिली गोष्ट म्हणजे डिस्कचं डुलणं. फिरताना ती एका रेषेत न फिरता किंचित आत-बाहेर होते. बहुतेक छोट्या गाड्यांना हे डुलणं जास्तीत जास्त ०.०५ ते ०.१ मिलिमीटर चालतं. आपल्याकडच्या गाड्यांचे बहुतेक कॅलिपर पिनांवर सरकणारे असतात, ते डिस्कबरोबर थोडे हलून हे डुलणं सांभाळून घेतात. म्हणून डिस्क वाकडी बसली तरी पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जाडीतला फरक. डुलणाऱ्या डिस्कचा उंच भाग दर फेऱ्याला पॅडला घासून जातो, ब्रेक दाबलेला नसतानाही. हजारो किलोमीटर असं होत राहिलं की तेवढा भाग झिजून पातळ होतो. मग ब्रेक दाबल्यावर जाड भाग आला की पॅड मागे ढकलले जातात, पातळ भाग आला की पुढे येतात. ब्रेकची पकड दर फेऱ्याला कमी-जास्त होते आणि तीच थरथर होऊन पायाला आणि हाताला लागते. ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकसुद्धा जाणवतो. आपल्या डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. म्हणून डिस्क नुसत्या डोळ्यांनी बघून ‘चांगली आहे’ किंवा ‘गेली’ असं कोणी सांगितलं तर त्यावर पैसे खर्च करू नका.

माझ्या गाडीला थरथर परत यायला सहा-सात हजार किलोमीटर का लागले, ते यात आलं.

जाडीतला फरक आणखी दोन वाटांनी येतो. घाट उतरताना ब्रेक लालबुंद तापतात आणि खाली आल्यावर आपण टोलनाक्यावर ब्रेक गच्च दाबून उभे राहतो. तापलेल्या पॅडचा थर तेवढ्याच जागी डिस्कला चिकटतो आणि पुढे तिथेच जास्त पकड, जास्त उष्णता होत राहते. दुसरी वाट पावसाळ्याची. कोकणात गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की सगळ्या डिस्कवर गंज येतो, पण पॅडखालच्या जागेवर तो वेगळा असतो आणि पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो. हलका ठसा दहा-वीस वेळा नीट ब्रेक मारल्यावर निघून जातो. खोल गेलेला ठसा लेथशिवाय जात नाही.

आधी चालवून बघा, आणि मोजा

गॅरेजला जायच्या आधी अर्धा तास स्वतः खर्च करा. कोरडा, सरळ, मोकळा रस्ता निवडा. मागे गाडी नाही हे आरशात बघूनच ब्रेक मारा.

आधी ८० च्या वेगाला ब्रेक न लावता गाडी नुसती पळू द्या. तेव्हाही स्टेअरिंग थरथरत असेल तर ब्रेकला दोष देण्याआधी चाकांचं बॅलन्सिंग, टायरवरचा फुगा आणि वाकलेला रिम तपासा. आपल्याकडचे खड्डे रिम सहज वाकवतात. आतल्या बाजूने वाकलेला रिम बाहेरून दिसत नाही, त्यासाठी चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघावं लागतं.

मग मध्यम दाबाने ब्रेक लावून वेग ८० वरून ३० वर आणा. थरथर कुठे लागते ते पकडा. स्टेअरिंग फडफडत असेल तर पुढची चाकं. स्टेअरिंग शांत आहे पण सीट आणि फ्लोअर हादरतोय, तर मागच्या चाकांचा संशय घ्या. पेडल पायाखाली वरखाली होत असेल तर पुढचं-मागचं दोन्ही शक्य आहे. ही खूण एकटी पुरेशी नाही.

मागचं पुढचं वेगळं करायला हँडब्रेकची चाचणी आहे. ३० ते ४० च्या वेगाला, बटण दाबून धरून, हँडब्रेक हळूच ओढा आणि लगेच सोडा. बटण सोडायचं नाही, नाहीतर मागची चाकं अडकतील आणि गाडी घसरेल. ओल्या रस्त्यावर हे करूच नका. मागे डिस्कऐवजी ड्रम (चाकाबरोबर फिरणारा, आतून घासून थांबणारा डबा) असलेल्या गाडीत या वेळी हादरे आले तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर ही चाचणी सोडून द्या. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत हँडब्रेकला वेगळा छोटा ड्रम असतो, तिथेही या चाचणीतून डिस्कबद्दल काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करून बघावी: हादऱ्यांचा वेग ऐका. १६५/८० आर १४ हे टायरचं माप आपल्याकडच्या कितीतरी हॅचबॅकना असतं. त्या टायरचा घेर १.९५ मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे ८० च्या वेगाला चाक सेकंदाला साडेअकरा फेरे मारतं, ४० ला त्याच्या निम्मे. डिस्कमधल्या दोषाचे हादरे चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेले असतात, म्हणून गाडी हळू होत जाईल तसे तेही हळू होतात. शेवटी २० च्या वेगाला ‘धड... धड... धड’ असे मोजता येतात. जोरात ब्रेक मारल्यावर, विशेषतः खडीवर, पेडल खडखड करत पायाला ढकलतं आणि बॉनेटखालून करकर येते, तो एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाक अडकू न देणारी यंत्रणा. त्याचा ताल वेगाबरोबर असा उतरत नाही, आणि तो बिघाड नाही. पण कोरड्या रस्त्यावर, अगदी थांबता थांबता, हलक्या ब्रेकलाही एबीएस चालू होत असेल तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची दातेरी रिंग गंजलेली, चिखलाने भरलेली असू शकते. तिथे डिस्क बदलून काही होणार नाही.

पेडल खोल जातंय, गाडी एका बाजूला ओढतेय, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय किंवा ब्रेक ऑइल गळतंय, यातलं काहीही असेल तर चाचणी करू नका. गाडी टो करून न्या.

चाक काढायच्या आधी आणि काढताना

दहा-पंधरा मिनिटं कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. हात लावू नका, नुसती धग घ्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला कॅलिपर बहुधा जाम आहे, पॅड डिस्कला सोडतच नाही.

मग चाकाचे नट. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर थरथर सुरू झाली असेल तर इथूनच सुरुवात करा. हवेच्या गनने एक नट गच्च आणि दुसरा सैल राहिला की डिस्क हबवर वाकडी दाबली जाते. सगळे नट थोडे ढिले करा आणि समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने घट्ट करा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. छोट्या गाड्यांना तो साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान सापडेल, पण तुमच्या गाडीचा तुम्ही वाचा. नट असे बसवल्यावर थरथर लगेच कमी होतेच असं नाही, कारण जाडीतला फरक एकदा पडला की तो राहतो.

गाडी उचलताना जमीन सपाट हवी, खालच्या चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा, आणि चाक काढण्याआधी जॅकस्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक अधांतरी असताना ते वर आणि खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर आली तर टाय रॉड एंड. लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश फाटलेला असला की ब्रेक लावल्यावर चाक मागे सरकतं आणि डिस्कमधला बारीकसा दोषही स्टेअरिंगला मोठा होऊन लागतो. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवून बघा. बुश गेलेला असेल तर डिस्कचं काम त्याच्याबरोबरच करा.

डिस्क, पॅड, पिन: काय बघायचं

तोंडावर मास्क बांधा. ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कॅलिपर उघडल्यावर तो ब्रेकच्या होजवर लटकत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखे झिजलेले हवेत. एक जाड, एक पातळ असेल तर सरकपिन जाम आहेत. पॅड तिरपा झिजला असेल तरी तेच. पॅडवरचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर पॅड बदलायचेच.

सरकपिन बोटांनी आत-बाहेर व्हायला हव्यात. नसतील तर काढून जुनं ग्रीस पुसा, गंज घासा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं पिवळं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. माझ्या मते या सगळ्या दुखण्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे. पॅड बदलायला दिलेल्या गाडीच्या पिन साफ केल्या का, हे विचारून घ्या.

डिस्कवर निळसर डाग, पॅडच्या आकाराचे काळपट ठसे किंवा बारीक तडे दिसतात का ते बघा. कडेपर्यंत गेलेला तडा असेल तर डिस्क सरळ बाद.

मोजणी

इथे घाई करू नका. डिस्क फक्त हबवर टेकलेली आहे, चाक नाही, म्हणून ती ढिली असते. नटांना वॉशर लावून सगळे नट घट्ट करा, तरच रीडिंग खरं येईल. डायल गेज मॅग्नेटिक स्टँडवर नकलला (हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागाला) लावा आणि त्याचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत ठेवा. डिस्क एक पूर्ण फेरा फिरवा. काटा कमीत कमी आणि जास्तीत जास्त कुठे जातो त्यातला फरक म्हणजे डुलणं. उंच जागेवर खडूने खूण करा.

मग मायक्रोमीटरने त्याच कडेपासून सारख्या अंतरावर आठ जागी जाडी मोजा आणि आठही आकडे कागदावर लिहा. व्हर्नियर वापरू नका. जुन्या डिस्कला बाहेरच्या काठाला न झिजलेली धार राहते, व्हर्नियरचा जबडा तिच्यावर टेकतो आणि जाडी खोटी जास्त येते. आठ आकड्यांत ०.०२ च्या आसपास किंवा जास्त फरक असेल तर थरथरीचं कारण सापडलं. सर्वांत कमी आकडा डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून बघा. ती अक्षरं डिस्कच्या मधल्या उंच भागावर नाहीतर कडेला असतात, गंजाखाली लपलेली असली तर तारेच्या ब्रशने घासा.

दुरुस्ती

डिस्क हबवरून काढा. गंजून बसली असेल तर मधल्या भागावर गोल फिरत हलके ठोके द्या, घासणाऱ्या भागावर नाही. आता हबचा चेहरा बघा. बोल्टांच्या बुंध्याशी आणि अगदी बाहेरच्या कडेला खपली साचते. तारेचा ब्रश, मग बारीक एमरी पेपर, खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. डिस्कची आतली बाजूही तशीच. फार जोर लावून हब खोदू नका, फक्त खपली काढायची आहे.

एवढ्याशा खपलीने काय होतं, याचा हिशोब करून बघा. हबचा चेहरा १४० मिलिमीटर रुंद आणि डिस्क २५० धरली, तर हबच्या कडेला ०.०५ ची खपली डिस्कच्या कडेला ०.०९ चं डुलणं देते. मर्यादा तिथेच संपली.

डिस्क पुन्हा बसवून डायल गेजने मोजा. अजून जास्त येत असेल तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा. चार बोल्टांच्या हबवर अशा चार जागा मिळतात, त्यातली सर्वांत कमी रीडिंगची जागा ठेवा. कुठेच कमी होत नसेल तर हबवरच गेज लावून बघा. हबच डुलत असेल तर हब किंवा बेअरिंग बदलल्याशिवाय काही उपयोग नाही.

जाडीत फरक पडलेली पण किमान जाडीच्या भरपूर वर असलेली डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे छिलून सपाट करून, घेता येते. फेसिंगनंतरही ती किमान जाडीच्या वर राहायला हवी, शिवाय पुढच्या झिजेसाठी काही उरायला हवं. गाडीवरच लावायचं लेथ मिळालं तर उत्तम, कारण त्यात हबचा दोषही धरला जातो. बाहेरच्या लेथवर देणार असाल तर दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये मारायला सांगा. उलटून पुन्हा पकडली की दोन बाजू समांतर राहत नाहीत. फेसिंग किंवा बदल, जे काही कराल ते पुढच्या दोन्ही चाकांना एकत्र करा. नव्या डिस्कला नवेच पॅड घाला, आणि डिस्कवरचं गंज न लागण्यासाठी लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं फिरवू नका.

मागच्या ड्रमचं थोडक्यात: ड्रम अंडाकृती झाला की हादरे येतात. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक गच्च ओढून गाडी उभी करणं हे त्याचं एक कारण. ड्रम लेथवर गोल करता येतो, पण आतला व्यास ड्रमवर कोरलेल्या कमाल आकड्याच्या पुढे गेला की बदलायचा. आत चिखल किंवा ऑइल असेल तर आधी ते कुठून येतंय ते शोधा.

सगळं जोडल्यावर, गाडी जागेवरून हलवण्याआधी, ब्रेक पेडल पाच-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिलं पेडल थेट जमिनीला लागतं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली की ती भिंतीवरच थांबते. पेडल कडक झालं की डब्यातली ब्रेक ऑइलची पातळी बघा.

पॅड बसवणं

नवे पॅड डिस्कवर सगळीकडे सारखे बसायला हवेत. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेकने गाडी हळू करा, पूर्ण थांबवू नका. पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. मग पाच-सात मिनिटं ब्रेक जवळपास न लावता गाडी चालवा, म्हणजे डिस्क थंड होतील. या वेळात सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहायची पाळी येणार नाही असा रस्ता निवडा. गाडीच्या किंवा पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक सतत टेकवून ठेवण्यापेक्षा दाबा, सोडा. खाली आल्यावर लगेच धाब्यावर गाडी उभी करून चाकांवर पाणी मारू नका. दोन-तीन किलोमीटर सपाटीवर चालवून मगच थांबा.

काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. डुलण्याचा आणि आठ जाडींचा कागद गाडीतच ठेवा. पाच हजार किलोमीटरनंतर सर्व्हिसिंगला गाडी जाईल तेव्हा त्याच खुणांवर पुन्हा मोजायला सांगा. दर चाकाला दहा मिनिटांचं काम आहे, आणि आकडे वाढत असतील तर स्टेअरिंगला थरथर लागायच्या आधीच कागदावर दिसतं.